माळ्यावरचा ॲम्प्लिफायर आणि खरे माप

घाटकोपरच्या आमच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा करार झाला आणि तीन महिन्यांत घर रिकामे करण्याची सूचना आली. घाटकोपर, मुलुंड, बोरिवली, अंधेरी या उपनगरांतील आपल्या समाजाच्या अनेक कुटुंबांना हा प्रसंग आता नवा नाही. चाळीस वर्षे माळ्यावर साठत गेलेल्या वस्तू एका आठवड्यात खाली उतरतात आणि प्रत्येकीविषयी एकच प्रश्न विचारला जातो : ठेवायची, विकायची की भंगारात द्यायची?

आमच्या माळ्यावरून दोन जड वस्तू उतरल्या. एक, वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, भांड्यांच्या दुकानातला पितळी तराजू, शिक्के मारलेल्या वजनांसह. दुसरी, आप्पांनी १९८४ मध्ये हौसेने घेतलेला देशी बनावटीचा स्टिरिओ ॲम्प्लिफायर. ॲल्युमिनियमची दर्शनी पट्टी, दोन काटे, पाच बटणे आणि कोपऱ्यात ठसठशीत अक्षरांत ‘१२० वॅट’. आप्पा गेले त्याच्याही आधीपासून तो बंद होता.

धाकट्या भावाने त्याचे छायाचित्र एका जुन्या यंत्रांच्या संग्राहकास पाठविले. त्यांनी चांगली किंमत देऊ केली. मात्र यंत्र चालू असावे, आतील भाग मूळचे असावेत आणि ताकद पाटीप्रमाणे असावी, असे कळविले. मी तरुणपणी इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेतली होती, पुढे दुकानातच बसलो. भाऊ म्हणाला, “दादा, तू तेवढा चालू करून दे. पाटीवर १२० लिहिलेलंच आहे. आपण वेगळं काय सांगायचं?”

वेगळे काय सांगायचे, याचे उत्तर शोधण्यात माझे दोन महिने गेले. ॲम्प्लिफायर दुरुस्त करणे त्यामानाने सोपे होते.

प्लग लावण्यापूर्वी

जुन्या यंत्राविषयी पहिला नियम असा की, ‘चालते का पाहू’ म्हणून त्याचा प्लग लावू नये. त्याच्या पोटात विजेचा साठा करणारे मोठे नळकांडे असतात. जुने कारागीर त्यांना कंडेन्सर म्हणतात, नवे कपॅसिटर. त्यांच्या आतील ॲल्युमिनियमच्या पत्र्यावर ऑक्साइडचा अतिशय पातळ थर असतो आणि त्यालगत एक ओलसर रसायन. वर्षानुवर्षे वापर नसला की तो थर क्षीण होतो, रसायन सुकते. अशा स्थितीत एकदम पूर्ण दाबाची वीज दिली तर कंडेन्सर फुटतो आणि जाताना इतर भागांनाही घेऊन जातो. उलट, नुकत्याच बंद केलेल्या यंत्रातील चांगल्या कंडेन्सरमध्ये वीज काही काळ शिल्लक राहते. म्हणून आत हात घालण्यापूर्वी ती रोधकातून उतरवावी लागते. ज्यांना याची सवय नाही त्यांनी हे काम जाणत्या कारागिरावरच सोपवावे.

झाकण उघडले तेव्हा आत कोळ्यांची जाळी होती आणि कोपऱ्यात हालचालही होती. व्हॅक्यूम क्लीनर आणला असता तर पाच मिनिटांचे काम होते. आईने गॅलरीत जुने वर्तमानपत्र अंथरले, यंत्र त्यावर ठेवायला लावले आणि म्हणाली, “आधी त्यांना जाऊ दे.” मऊ कुंचल्याने, यतनेने, एकेक कोपरा मोकळा करण्यात एक सकाळ गेली. त्या सावकाशीचा लाभही झाला. मुख्य ट्रान्झिस्टरजवळचे दोन डाक तडकलेले, उष्णता वाहून नेणारा पांढरा लेप सुकून खडूसारखा झालेला आणि एका कंडेन्सरचे डोके किंचित फुगलेले, हे सारे त्या कुंचल्यामागे फिरणाऱ्या डोळ्यांना दिसले. कंडेन्सरवर ४७०० मायक्रोफॅरड छापलेले होते. मोजल्यावर ते ३००० च्या आसपास भरले. दोन्ही मोठे कंडेन्सर बदलले.

मग ‘सिरीज बोर्ड’ घेतला. हे दुरुस्तीच्या प्रत्येक दुकानात आढळणारे साधे साधन : यंत्राच्या वाटेत शंभर वॅटचा तारेचा बल्ब जोडायचा. यंत्र निरोगी असेल तर बल्ब क्षणभर चमकून मंद होतो. आत कोठे शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि विजेचा भार स्वतःवर घेऊन यंत्राला वाचवितो. आमचा बल्ब लख्ख पेटला. डाव्या चॅनेलचे दोन्ही मुख्य ट्रान्झिस्टर शॉर्ट झालेले निघाले.

खऱ्यासारखा दिसणारा

त्या काळच्या असंख्य ॲम्प्लिफायरांत ‘२एन३०५५’ या क्रमांकाचा ट्रान्झिस्टर सापडतो. अमेरिकेतील आरसीए कंपनीने १९६० च्या दशकाच्या आरंभी तो बाजारात आणला. पोलादी टोपी, दोन पाय, ६० व्होल्ट आणि १५ अँपिअरची मर्यादा. स्वस्त, दणकट, सर्वत्र मिळणारा. आपल्याकडे बंगळूरची भारत इलेक्ट्रॉनिक्स, दिल्लीची कॉन्टिनेन्टल डिव्हाइस अशा कंपन्यांनी ट्रान्झिस्टरचे उत्पादन उभे केल्यामुळे, परदेशी वस्तूंवर कडक निर्बंध असलेल्या त्या दिवसांतही देशी ॲम्प्लिफायर घडू शकले. त्याच्या जोडीला उलट्या ध्रुवाचा ‘एमजे२९५५’ लागतो.

हे दोन आणण्यासाठी मी ग्रँट रोडला उतरून लॅमिंग्टन रोडवर, म्हणजे आजच्या डॉ. भडकमकर मार्गावर गेलो. मुंबईतील इलेक्ट्रॉनिक्सचा सुटा माल म्हटला की आजही पाय तिकडेच वळतात. तेथे उत्तम, प्रामाणिक विक्रेते आहेत. मी मात्र ज्याचा भाव सर्वांत कमी त्याच्याकडून जोडी घेतली, बिलही मागितले नाही. व्यापाऱ्याच्या घरात जन्मलेल्या माणसाने इतका उतरलेला भाव पाहूनच ओळखायला हवे होते. मी ओळखलेही, पण भरवसा ठेवणे सोयीचे होते.

ट्रान्झिस्टर बसविताना त्याच्या व थंडावा देणाऱ्या पंख्यासारख्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांच्या मध्ये अभ्रकाची पातळ चकती ठेवतात. अभ्रक उष्णता पुढे जाऊ देतो, वीज अडवितो. नवी चकती, नवा लेप, नवे डाक. या वेळी सिरीज बोर्डाचा बल्ब मंद झाला. संध्याकाळी जुने स्पीकर जोडून भक्तामर स्तोत्राची कॅसेट लावली. आई ऐकत बसली. भाऊ म्हणाला, “झालं की. आता देऊन टाक.”

कान समाधानी होता. कसोटी अजून लागली नव्हती. अमेरिकेच्या व्यापार आयोगाने १९७४ मध्ये घरगुती ॲम्प्लिफायरची ताकद कशी जाहीर करावी याचा नियम केला, कारण तेथील जाहिरातींतही वॅटचे आकडे मनमानी होत चालले होते. मूळ नियमात एक कठोर अट होती : मोजण्यापूर्वी यंत्र आपल्या जाहीर ताकदीच्या एक-तृतीयांशावर तासभर चालवावे. पूर्ण ताकदीवर का नाही? कारण या जातीच्या ॲम्प्लिफायरचे ट्रान्झिस्टर पूर्ण आवाजापेक्षा मधल्या पातळीवर अधिक तापतात. तिथेच त्यांचा कस लागतो.

मी स्पीकर काढून त्यांच्या जागी आठ ओहमचे मोठे रोधक जोडले, १००० हर्ट्झचा एकसुरी स्वर दिला आणि घड्याळ लावले. विसाव्या मिनिटाला फट् असा आवाज होऊन फ्यूज गेला. डावा चॅनेल पुन्हा मेला होता. रोधकाऐवजी स्पीकर असता तर त्याची गुंडाळी जळून गेली असती.

मेलेल्या ट्रान्झिस्टरची टोपी करवतीने कापून पाहिली. शेजारी १९८४ चा जळालेला मूळ नगही कापला. मूळ नगातील सिलिकॉनचा तुकडा तुरीच्या डाळीएवढा होता; नव्यातला मोहरीहून थोडासा मोठा. टोपी तीच, क्रमांक तोच, नाममुद्राही तीच. लहान तुकड्यातून उष्णता बाहेर पडायला वाट पुरत नाही, म्हणून तो हलक्या कामात तरतो आणि भार आला की जातो.

तत्त्वार्थसूत्राच्या सातव्या अध्यायात अचौर्य अणुव्रताचे जे पाच अतिचार सांगितले आहेत, त्यांतील एक ‘प्रतिरूपक व्यवहार’ : खऱ्यासारखी दिसणारी हिणकस वस्तू खरी म्हणून देणे. लहानपणी पाठशाळेत हा शब्द पाठ केला होता. कापलेल्या टोपीत तो पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिला. मात्र दोष केवळ विकणाऱ्याचा म्हणून मी मोकळा होऊ शकत नव्हतो. तीच जोडी बसविलेले यंत्र आदल्या संध्याकाळी ‘उत्तम चालू’ म्हणून मी पुढे दिले असते, तर साखळीतला पुढचा विक्रेता मीच ठरलो असतो.

नवी जोडी अधिकृत वितरकाकडून, बिलासह, कित्येक पट भावाने मागविली. ती एक-तृतीयांशावर पूर्ण तासभर टिकली.

दोन भागीदारांची पाळी

मोजमापाआधी एक नाजूक जुळणी बाकी होती. ध्वनीची लाट शून्याच्या वर जाते आणि खाली येते. वरचा अर्धा भाग एक ट्रान्झिस्टर उचलतो, खालचा अर्धा त्याचा जोडीदार. दुकानात दोन भाऊ पाळीने बसावेत तसे हे आहे. पहिला उठून गेला आणि दुसरा अजून आलेला नाही, अशी मधली दोन मिनिटे गल्ला उघडा राहतो. ॲम्प्लिफायरमध्ये हाच उघडा क्षण लाटेला शून्यापाशी खाच पाडतो आणि हळू आवाजात ती कानाला खरखरीत लागते. म्हणून दोघांनाही विश्रांतीच्या वेळी थोडा प्रवाह देऊन जागे ठेवतात : पाळी बदलताना दोघेही क्षणभर गादीवर हजर. प्रवाह कमी ठेवला तर खाच राहते, अधिक ठेवला तर यंत्र विनाकारण तापते.

आमच्या यंत्रात हा प्रवाह जवळजवळ शून्यावर आला होता. ०.४७ ओहमच्या रोधकावर १५ मिलिव्होल्ट येईपर्यंत, म्हणजे सुमारे ३२ मिलिअँपिअर प्रवाह होईपर्यंत, छोटा स्क्रू हळूहळू फिरविला. ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर खाच भरून आलेली दिसली. एक वॅटवरची ध्वनिविकृती ०.९ टक्क्यांवरून ०.०८ टक्क्यांवर आली. स्वर बंद असताना स्पीकरच्या टोकांवर सरळ विजेचा दाबही पाहिला. तो २० मिलिव्होल्टच्या आत होता. तो शून्याजवळ असणे स्पीकरच्या आरोग्यासाठी आवश्यक असते.

तीस की एकशेवीस?

आता मुख्य प्रश्न. ताकद मोजण्याची रीत सोपी आहे. आठ ओहमच्या रोधकावर स्वर वाढवीत न्यायचा. लाटेचे माथे सपाट होऊ लागले की थांबायचे, कारण त्यापुढे यंत्र स्वर देत नाही, केवळ विकृती देते. त्या क्षणी व्होल्ट वाचायचे, त्यांचा वर्ग करायचा आणि आठाने भागायचे. दोन्ही चॅनेल एकाच वेळी चालू ठेवून मला १५.५ व्होल्ट मिळाले. वर्ग २४०, भागिले ८, म्हणजे ३० वॅट.

पाटीवर १२०, मापात ३०. यंत्र म्हातारे झाले म्हणून नव्हे; विजेच्या साठ्याचा जेवढा दाब त्याला जन्मतः दिला होता, त्यात यापेक्षा अधिक बसतच नाही. मग १२० आले कोठून? लाटेच्या माथ्यावरची क्षणिक ताकद सरासरीच्या दुप्पट असते : ३० चे ६०. चॅनेल दोन : ६० चे १२०. एकही अंक काल्पनिक नाही. तरीही पाटी वाचणारा मनुष्य जे समजतो ते खरे नाही. एका दृष्टिकोनातून खरे असलेले विधान संपूर्ण सत्य म्हणून मांडले की नयाचा नयाभास होतो, हे आपल्या न्यायशास्त्राला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. पुढे १९९० च्या दशकात ‘पीएमपीओ’ या नावाखाली हातात मावणाऱ्या टेपरेकॉर्डरवरही शेकडो, हजारो वॅट छापले जाऊ लागले, ते याच वाटेवरचे पुढचे पाऊल. ते आकडे कोणत्याही सर्वमान्य मापपद्धतीला बांधलेले नव्हते.

गंमत अशी की, ग्राहकाला या फुगवट्याचा उपयोगही नसतो. ताकद दुप्पट केली तरी ध्वनीची पातळी फक्त ३ डेसिबलने वाढते. कानाला आवाज दुप्पट वाटण्यासाठी सुमारे दहापट ताकद लागते. दिवाणखान्यात स्तवन किंवा गाणे ऐकताना बहुतांश वेळ एखाद्या वॅटहून कमीच खर्च होतो. तीस खरे वॅट कोणत्याही घराला भरपूर आहेत.

मापाचे माप

इथे माझी खरी परीक्षा झाली. माझ्याकडे दोन मीटर होते. एकावर १५.५ आले, दुसऱ्यावर १६.१. फरक चार टक्क्यांचा. पण वॅट काढताना वर्ग होतो म्हणून तो आठ टक्के होतो. एका मीटरने ३०, दुसऱ्याने ३२ वॅटहून थोडे अधिक. मन लगेच दुसऱ्याकडे झुकले.

आप्पांच्या तराजूची आठवण झाली. शंका आली की ते माल आणि वजन यांची पारडी अदलाबदल करून पुन्हा तोलत. तराजू सरळ असेल तर काटा मध्येच राहतो. दांडीत खोट असेल तर ती लगेच उघडी पडते. १ ऑक्टोबर १९५८ पासून देशात मेट्रिक वजने येऊ लागली, शेर जाऊन किलो आला. ती वजने ठरावीक मुदतीने तपासून त्यांवर सरकारी शिक्का मारून घ्यावा लागतो, आज २००९ च्या वैधमापन कायद्याखाली. आप्पा त्या शिक्क्याची तारीख चुकवीत नसत. आणि अचौर्य व्रताचा दुसरा अतिचार तर थेट आपल्या गादीवर येऊन बसतो : ‘हीनाधिक मानोन्मान’, घेण्याचे माप मोठे आणि देण्याचे लहान. विकताना जास्त दाखविणारा मीटर निवडणे म्हणजे याहून वेगळे काय?

विजेच्या मापांनाही अशीच शिक्क्यांची साखळी असते. तिचे वरचे टोक दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. खालच्या कड्या आपल्या शेजारी आहेत. अंधेरीत १९७३ पासून निर्यातीसाठी इलेक्ट्रॉनिक वस्तू बनविणारे सीप्झ उभे आहे आणि त्याच्यासमोर केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची विभागीय चाचणी प्रयोगशाळा आहे. एवढ्या मोठ्या दारी जाण्याची मला गरज पडली नाही. अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या एका स्नेह्यांकडे प्रमाणपत्र असलेला मीटर होता. त्याच रोधकावर, त्याच स्वरावर त्याने १५.५ दाखविले. माझा दुसरा मीटर घरातील ५० हर्ट्झच्या विजेसाठी बनविलेला होता. १००० हर्ट्झवर तो चुकत होता. साध्या मीटरमध्ये हा दोष अनेकदा आढळतो. त्या मीटरवर मी तशी चिठ्ठी चिकटवून ठेवली.

झाकणाखालचा कागद

मी संग्राहकांना लिहून पाठविले : दर चॅनेलला ३० वॅट, ८ ओहम, दोन्ही चॅनेल चालू, त्या पातळीवर विकृती १ टक्का, एक वॅटवर ०.०८ टक्के, २० ते २०,००० हर्ट्झपर्यंत चढउतार १ डेसिबलच्या आत. डाव्या चॅनेलचे दोन्ही मुख्य ट्रान्झिस्टर आणि दोन मोठे कंडेन्सर नवे. उजव्या चॅनेलचे ट्रान्झिस्टर मूळचे. आवाजाचे बटण किंचित खरखरते.

भावाने तो मजकूर वाचला आणि बराच वेळ बोलला नाही. मग म्हणाला, “एवढं सगळं कोण विचारणार होतं?” दुसऱ्या दिवशी संग्राहकांचा सौम्य शब्दांत निरोप आला की, मूळ भाग नसल्याने त्यांना रस उरलेला नाही. घर बदलण्याच्या खर्चात ती रक्कम उपयोगी पडली असती, हे खरेच आहे. भावाची नाराजी काही दिवस टिकली आणि ती चुकीची होती असे मी म्हणणार नाही. चार पैशांची गरज त्यालाच अधिक होती.

ज्यांच्या माळ्यावर अशी यंत्रे असतील त्यांना दोनच गोष्टी सुचवितो. ती आंधळेपणाने प्लगला लावू नका आणि आंधळेपणाने भंगारात देऊ नका. दुरुस्त होण्याजोगे असेल तर जाणत्या कारागिराकडून तपासून घ्या. अगदीच निकामी असेल तर ई-कचऱ्याच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे नोंदणीकृत पुनर्चक्रण करणाऱ्याकडे पोहोचवा. डाकातील शिसे जमिनीत, पाण्यात जाऊ देणे हीदेखील विराधनाच आहे.

आमचा ॲम्प्लिफायर सध्या मुलुंडच्या भाड्याच्या घरात आहे. सकाळी आई त्यावर कॅसेट लावते. काटे पहिल्या रेघेच्या पुढे सहसा जात नाहीत. दर्शनी पट्टीवरचे ‘१२० वॅट’ मी पुसले नाही; ती त्या काळाची नोंद आहे. झाकणाच्या आतल्या बाजूला मात्र मोजमापाचा कागद चिकटविला आहे. त्यावर तारीख, मीटरचा क्रमांक, बदललेले भाग. खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या आहेत, पुढच्या वेळी झाकण उघडणाऱ्यासाठी. तो कागद कापून द्यायला कात्री भावानेच शोधून आणली.